परक्या शहरात नव्यांना हात देणाऱ्यांचा सन्मान कसा करावा: जर्मनीतल्या मराठी मंडळांसाठी

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात म्युनिक, स्टुटगार्ट, फ्रँकफुर्ट, बर्लिन अशा शहरांत मराठी माणसांची नवी तुकडी उतरते. हिवाळी सत्रासाठी आलेले विद्यार्थी, ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीच्या नोकरीच्या परवान्यावर, आलेले इंजिनिअर, आणि त्यांच्यामागोमाग काही महिन्यांनी मुलाबाळांसह येणारे जोडीदार. जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आता भारतीय सर्वांत जास्त आहेत. 2023-24 च्या हिवाळी सत्रात त्यांची संख्या 49 हजारांच्या आसपास होती. नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, त्यासाठी घरमालकाचा दाखला लागतो, नोंदणी कार्यालयाची टर्मिन, म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, मिळता मिळत नाही, आणि नोंदणी होईपर्यंत पुढची बरीच कामं अडून राहतात. अशा वेळी धावून येतो तो शहरातल्या मराठी मंडळाचा नव्या आलेल्यांसाठीचा गट. गट म्हणजे तरी कोण? त्यातली दहा-पंधरा माणसं.

या दहा-पंधरा माणसांचं कौतुक नीट व्हावं असं मला मनापासून वाटतं. ते बहुतेक ठिकाणी होतच नाही, किंवा झालं तर घाईत उरकलं जातं. कार्यक्रम संपत आलेला असतो, अर्धी माणसं कोट चढवत असतात, मुलं झोपेला आलेली असतात आणि कुणीतरी माइकवर नावांची यादी वाचत असतं. शेवटी 'अनवधानाने कुणाचं नाव राहिलं असल्यास क्षमस्व' हे ठरलेलं वाक्य येतं. राहिलेल्या माणसाला ते वाक्य बरोबर ऐकू जातं.

नव्यांच्या गटाला हे परवडत नाही, कारण या गटाचं आयुष्यच वेगळं आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 सालचं. अशा जुन्या, स्थिरावलेल्या संस्थेत एखादा कार्यकर्ता दशकानुदशकं काम करू शकतो. नव्यांच्या गटात माणूस दोन-तीन वर्षं टिकतो. मग त्याची नोकरी दुसऱ्या शहरात जाते, मूल शाळेत जाऊ लागतं, उपनगरात घर होतं, आणि मुख्य म्हणजे तो नवा राहत नाही. अमेरिकेतल्या अनेक न्यूकमर्स क्लबांनी हे ओळखून सदस्यत्वाला दोन-तीन वर्षांची मर्यादाच घातली होती, आणि मुदत संपलेल्यांसाठी माजी सदस्यांचे वेगळे क्लब निघाले. म्हणून गेल्या वर्षी ज्यांना मदत मिळाली ते या वर्षी मदतीला उभे राहिले, तरच आपला गट जगतो. सन्मानाचा समारंभ ही त्या अदलाबदलीची जागा आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या हे धरूनच लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: न दिसणारं काम टिपून ठेवा

सत्कार सहसा मंचावर दिसणाऱ्यांचा होतो. निवेदन करणारा, नाटक बसवणारी, ढोलपथकाचा म्होरक्या, गणपतीची सजावट करणारे. त्यांचंही कौतुक व्हावं, पण नव्यांच्या गटातलं खरं काम मंचापासून फार लांब, एखाद्या मंगळवारी सकाळी साडेसातला चाललेलं असतं. अर्धा दिवस सुट्टी काढून एखाद्याबरोबर टर्मिनला जाणं आणि दोन तास बाकावर बसून राहणं. किटात जागा मिळावी म्हणून दुसऱ्याच्या मुलासाठी एकामागून एक बालवाड्यांना जर्मनमधून ईमेल लिहिणं. दिवस गेलेल्या मुलीसाठी वेळेत हेबामे, म्हणजे सुईण, शोधून देणं आणि तिची आई भारतातून येईपर्यंत डबा पोचवणं. घर मिळेपर्यंत अनोळखी विद्यार्थ्याला आपल्या बैठकीच्या खोलीत झोपायला जागा देणं.

काही कामं याहूनही अदृश्य असतात. ग्रुपवर कुणी घराची जाहिरात टाकते: घर न दाखवताच अनामत मागणारी, मालक म्हणे परदेशात आहे. त्याखाली दोन मिनिटांत 'पैसे पाठवू नका, ही फसवणूक आहे' असं लिहिणारा माणूस कुणाचे तरी हजार-दीड हजार युरो वाचवतो. रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र आलं की 'माझ्याकडे टीव्हीच नाही, हे खरं आहे का?' असं घाबरून विचारणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी न कंटाळता सांगतं, की पत्र खरं आहे, शुल्क भरावंच लागतं, पण एका घराला एकदाच. बाटल्या परत कुठे द्यायच्या, काचा कुठल्या डब्यात टाकायच्या, रविवारी भिंतीला ड्रिल का लावायचं नाही, हे सांगणारेही असतात. सन्मानाची यादी बनवायला बसल्यावर यांतलं काहीच आठवत नाही, म्हणून ते वर्षभर टिपून ठेवावं लागतं.

नोंदवही साधी असावी. एक तक्ता पुरतो, त्यात चारच रकाने: महिना, कुणी केलं, काय केलं, आणि ते कुणाकडून कळलं. ज्याला मदत झाली त्याचं नाव त्यात नको. व्हिसाची अडचण, आजारपण, गरोदरपण, घरातली भांडणं असं काहीही लिहू नका. 'एका कुटुंबाला वैद्यकीय कामात मदत' एवढं पुरे. तास मोजू नका. तास मोजले की स्पर्धा सुरू होते, आणि स्पर्धेत शांतपणे काम करणारी माणसं मागे पडतात.

नोंद ठेवायला दोन जण नेमा: एक जुना, आणि एक गेल्या सहा महिन्यांत आलेला. हा दुसरा माणूस फार महत्त्वाचा आहे. कुणाची खरी मदत होते हे कार्यकारिणीपेक्षा नव्या आलेल्यांना अधिक ठाऊक असतं.

माहिती गोळा करताना मदत करणाऱ्याला विचारू नका. खरा कामसू माणूस 'मी काही विशेष केलं नाही' असंच म्हणेल. मदत झालेल्याला विचारा. येऊन साधारण महिना झाला की प्रत्येक नव्या सदस्याला एक फोन करायचा आणि तीन प्रश्न विचारायचे. पहिल्या महिन्यात कुणाकुणाचा हात लागला? नेमकं काय केलं? त्यामुळे काय सुटलं? याचा फॉर्म बनवून पाठवू नका. फॉर्मवर 'सगळ्यांनीच खूप मदत केली' एवढंच येतं. फोनवर पाचव्या मिनिटाला गोष्ट बाहेर येते. शिवाय हा फोन म्हणजे नव्या माणसाची चौकशीही असते. एकटं पडलेलं कुणी असेल तर ते याच फोनवर कळतं.

दुसरी पायरी: कुणाला बोलवायचं ते ठरवा

'वर्षातला सर्वोत्तम कार्यकर्ता' असा एकच पुरस्कार ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एकाला मिळतो आणि बाकीच्या चौदा जणांना न मिळाल्याचं कळतं. त्याऐवजी कामांप्रमाणे गट करा: टर्मिनला सोबत जाणारे, घर शोधून देणारे, किटा आणि शाळेची कामं बघणारे, दवाखान्याची कामं बघणारे, ग्रुपवर उत्तरं देणारे, श्टामटिश, म्हणजे ठरलेल्या दिवशीची गप्पांची भेट, भरवणारे. नोंदवहीत ज्यांची नावं पुन्हा पुन्हा येतात ते सगळे बोलवायचे. संख्या जास्त झाली तरी हरकत नाही. वेळ कसा आवरायचा ते पुढे येईल.

यादीवर अखेरचा हात फिरवताना काही ठिकाणी मुद्दाम थांबून पाहा. कार्यकारिणीच्या सदस्यांनी स्वतःला यादीबाहेर ठेवावं, त्यांचे आभार वार्षिक सभेत मानता येतात. जोडप्यांकडे विशेष लक्ष द्या. विमानतळावर गाडी घेऊन गेलेल्या दादाचं नाव सगळ्यांना आठवतं. त्याच रात्री चौघांचा वरणभात करून ठेवणाऱ्या आणि त्यांच्यासाठी गाद्या घालणाऱ्या वहिनीचं नाव 'यांच्या सौभाग्यवती' म्हणून येतं, किंवा येतच नाही. दोघांची नावं वेगवेगळी घ्या आणि दोघांचं काम वेगवेगळं सांगा.

विद्यार्थी हीसुद्धा अशीच सुटणारी मंडळी. वर्गणी कमी किंवा माफ असल्यामुळे त्यांच्याकडे अजून लहान म्हणूनच पाहिलं जातं. पण आयकियाच्या जड खोक्यांना हात लावायला आणि सोफा चौथ्या मजल्यावर चढवायला तेच येतात, आणि नव्या विद्यार्थ्याला विद्यापीठाचं नेमकं उत्तर गेल्या वर्षी आलेला विद्यार्थीच देऊ शकतो. ज्यांच्यामुळे गट चालतो पण जे मराठी नाहीत, तेही विसरू नका: शेजारची जर्मन आजी जिने मुलांना भाषा शिकवली, कन्नड किंवा गुजराती मित्र ज्याने व्हॅन दिली. त्यांच्यासाठी दोन वाक्यं जर्मनमध्ये किंवा हिंदीत तयार ठेवा.

तिसरी पायरी: नेमकं वाक्य लिहा

सगळ्या समारंभात मला ही पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते. शाल, फुलं, टाळ्या संध्याकाळपुरत्या असतात; आपल्याबद्दल बोललं गेलेलं खरं वाक्य माणूस वर्षानुवर्षं जपून ठेवतो.

आपल्याकडे मानपत्राची एक ठरीव भाषा आहे. 'सदैव हसतमुख, मदतीस तत्पर, मंडळाचा आधारस्तंभ, निःस्वार्थ सेवेचा आदर्श.' हे कुणाहीबद्दल म्हणता येतं. यातून समोरच्या नव्या माणसाला काहीच कळत नाही: या ताईंनी केलं काय, आणि तसं मला करायचं असेल तर सुरुवात कुठून करू?

त्याऐवजी असं लिहा: 'गेल्या ऑक्टोबरात आलेल्या सात विद्यार्थ्यांबरोबर ताई पत्ता नोंदवायला गेल्या. प्रत्येकाचा अर्ज आदल्या रात्री फोनवर भरून घेतला, म्हणजे खिडकीपाशी गडबड होऊ नये. कार्यालयातून बाहेर आल्यावर प्रत्येकाला घरी एक फोन करायला लावला, की काम झालं. त्या सातांपैकी दोघं एप्रिलमध्ये आलेल्यांबरोबर तसेच गेले.' यात एकही विशेषण नाही, तरी ताई डोळ्यांसमोर उभ्या राहतात. ऐकणाऱ्याला कामाची पद्धतही कळते, अर्ज आदल्या रात्री भरावा हेसुद्धा.

लिहिताना एवढं पाळा. एक काम निवडा. तीन कामांची यादी वाचली की एकही लक्षात राहत नाही. कधी, कुठे, काय हे येऊ द्या. त्या कामामुळे पुढे काय झालं ते शेवटी सांगा. साठ-सत्तर शब्दांत थांबा, म्हणजे वाचायला मिनिटभरापेक्षा फार जास्त लागणार नाही. आणि लिहून झाल्यावर ज्याच्याबद्दल आहे त्याला आधी वाचून दाखवा. माणसं त्यात दुरुस्त्या सुचवतात: 'मी एकटी नव्हते, अमुकही होते.' ही दुरुस्ती म्हणजे नोंदवहीतून निसटलेलं एक नाव असतं.

हे वाचायचं कुणी? अध्यक्षांनी नव्हे. ज्याला मदत झाली त्यानेच वाचावं. आठ महिन्यांपूर्वी आलेली मुलगी जेव्हा माइक हातात घेते, तेव्हा सभागृहातले बाकीचे नवे कान टवकारतात, कारण ती त्यांच्यातलीच असते. मात्र तिची इच्छा असेल तरच. स्वतःची अडचण चारचौघांत सांगायला कुणाला भरीला पाडू नका. 'मला मदत लागली' हे सांगणं सगळ्यांना सोपं नसतं. ती तयार नसेल तर नोंदवही ठेवणाऱ्या दोघांपैकी एकाने वाचावं, तिचं नाव न घेता.

हाक कशी मारायची तेही आधी विचारून घ्या. कुणाला ताई-दादा आवडतं, कुणाला काकू म्हटलेलं चालत नाही, कुणाला नुसतं नाव बरं वाटतं. नावामागे सौ. किंवा कुमारी लावू नका. नव्या शहरात कोण कुठल्या परिस्थितीत आलंय हे आपल्याला ठाऊक नसतं.

चौथी पायरी: वेळ साधा

कौतुक काम झाल्यावर लवकर व्हावं. मार्चमध्ये केलेल्या मदतीचं कौतुक डिसेंबरात झालं, तर तोवर तो माणूस दमून बाजूला झालेला असतो. म्हणून दोन ताल ठेवा: दर महिन्याला छोटं, वर्षातून एकदा मोठं.

छोट्यासाठी महिन्याचा श्टामटिश किंवा चहाची भेट पुरेशी आहे. सुरुवातीलाच दोन मिनिटं काढा, एका माणसाचं एक काम सांगा, सगळे टाळ्या वाजवतील, मग गप्पा. ग्रुपवरही ते एका परिच्छेदात लिहा, पण ग्रुपवर लिहिणं हा भेटीला पर्याय नाही. तिथे पन्नास अंगठे येतात आणि अर्ध्या तासात तो संदेश वर सरकून जातो.

मोठ्या कौतुकासाठी दिवाळीचा कार्यक्रम सर्वांत योग्य. सप्टेंबर-ऑक्टोबरात आलेले बहुतेक नवे लोक तोवर मंडळात पहिल्यांदा येतात. ज्यांना अजून कुणाचं नावही ठाऊक नाही, त्यांना त्या संध्याकाळी कळतं की घरासाठी कुणाला विचारायचं, किटासाठी कुणाला. समारंभाचा हा सर्वांत मोठा व्यावहारिक फायदा आहे. दिवाळीला सभागृह मिळालं नाही तर 5 डिसेंबर बघा. संयुक्त राष्ट्रांनी 1985 मध्ये हा दिवस स्वयंसेवकांचा म्हणून ठरवला, आणि जर्मनीत अनेक शहरं त्या सुमारास आपापल्या स्वयंसेवकांचा गौरव करतात. गणपतीत हा कार्यक्रम ठेवू नका. नवी तुकडी अजून यायची असते आणि जुनी माणसं कामात बुडालेली असतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडायचा मोहही टाळा. तिथे पुरुष येत नाहीत, आणि काही स्त्रियांना आपण बोलावलेले आहोत की नाही याची धाकधूक असते. नव्यांच्या गटात असं कुंपण नको.

पाचवी पायरी: समारंभ घडवा

सहा आठवडे आधी नोंदवहीवरून यादी काढा. चार आठवडे आधी प्रत्येकाला फोन करून विचारा की मंचावर बोलावलेलं चालेल का. तीन आठवडे आधी वाक्यं लिहिणारे आणि वाचणारे ठरवा. आठवडाभर आधी सगळी वाक्यं एका कागदावर मोठ्या अक्षरांत छापून घ्या, नावांचे उच्चार तपासा, विशेषतः जर्मन पाहुण्यांचे.

सभागृह ठरवताना दोन गोष्टी लेखी विचारून घ्या. एक, रात्री दहानंतर आवाजाचं काय. शांततेची वेळ दहाला सुरू होते आणि चर्चच्या किंवा पालिकेच्या सभागृहांत ती कसोशीने पाळली जाते. दुसरं, निरांजन किंवा समई लावता येईल का. पुष्कळ सभागृहांत उघड्या ज्योतीला मनाई असते आणि धुराची सूचना देणारी यंत्रणा छताला असते. परवानगी नसेल तर ओवाळण्याऐवजी हळदकुंकू-अक्षता आणि फुलं ठेवा, पुरुष-स्त्रिया सगळ्यांसाठी, आणि ज्याला नको असेल त्याला नुसतं फूल द्या.

कार्यक्रमात सन्मान जेवणाआधी ठेवा. पहिला एखादा गाण्याचा किंवा नाचाचा भाग झाला की लगेच, पंचवीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. आठ-दहा माणसं असतील तर प्रत्येकाला अडीच मिनिटं येतात. त्याहून जास्त असतील तर कामांप्रमाणे गटाने मंचावर बोलवा. 'घर शोधून देणारे' म्हणून चौघं एकत्र उभे राहिले, प्रत्येकाचं एक वाक्य वाचलं, एकदम टाळ्या झाल्या, तरी कुणाला काही कमी वाटत नाही. पाहुण्यांचं भाषण, प्रायोजकांची चित्रफीत, मंडळाचा अहवाल या अर्ध्या तासात घुसू देऊ नका. लहान मुलांसाठी बाजूला कागद-रंग मांडा आणि तिथे कुणाला तरी बसवा, म्हणजे त्यांच्या आयांना मंचाकडे बघता येईल.

आता एक नियम, ज्यात मी तडजोड करणार नाही: ज्यांचा सन्मान आहे त्यांनी त्या दिवशी काही काम करायचं नाही. स्वयंपाकघरात नाही, खुर्च्या लावायला नाही, ध्वनियंत्रणेवर नाही. एरवी होतं असं की नाव पुकारलं जातं तेव्हा तो माणूस आत पुऱ्या तळत असतो, धावत येतो, हात पुसत शाल घेतो आणि परत कढईकडे जातो. त्या दिवसाचं सगळं काम नव्या आलेल्यांनी करावं. त्यांना दोन आठवडे आधी ठरवून कामं द्या: जेवण आणणं, वाढणं, खुर्च्या, शेवटी झाडून पुसून किल्ली परत देणं. पुष्कळ नवे लोक कामाची वाट बघत असतात. नुसते पाहुणे म्हणून कोपऱ्यात उभं राहण्यापेक्षा वाढपी होणं त्यांना सोपं जातं, आणि ताट वाढता वाढता ओळखी होतात.

फोटोंचं एक. जर्मनीत माणसाचा फोटो प्रसिद्ध करायला त्याची परवानगी लागते, मुलांच्या बाबतीत पालकांची. प्रवेशाजवळ साधी सूचना लावा, आणि ज्यांना फोटो नको त्यांना वेगळ्या रंगाचा बिल्ला द्या. फोटोग्राफरला आधी सांगून ठेवा.

सहावी पायरी: हातात काय द्यायचं

शाल-श्रीफळ आपल्याला प्रिय आहे आणि ते असावं. नारळ इथल्या सुपरमार्केटातही मिळतो. शाल मात्र ज्येष्ठांना किंवा ज्यांना आवडेल त्यांना. पंचविशीतल्या विद्यार्थ्याला त्याऐवजी मराठी पुस्तक, ताजा दिवाळी अंक किंवा बाल्कनीत लावायला एखादं रोप द्या. ट्रॉफी नको. इथली घरं लहान असतात आणि माणसं वारंवार घर बदलतात.

मंडळ नोंदणीकृत आणि सार्वजनिक हिताचं म्हणून मान्यताप्राप्त असेल तर पैशांबाबत जपून राहा. अशा संस्थेच्या निधीतून सदस्यांना लाभ देता येत नाही. छोट्या भेटी चालतात. वैयक्तिक प्रसंगी साधारण 60 युरोपर्यंतची वस्तू चालते असं धरलं जातं, रोख रक्कम नाही. काम करणाऱ्याला करमुक्त मानधन देण्याची एक सोय आहे, 2021 मध्ये तिची वार्षिक मर्यादा 840 युरो झाली. पण ती वापरायची तर चालू वर्षाचा आकडा बघा, कार्यकारिणीला द्यायचं असेल तर मंडळाच्या घटनेत तशी तरतूद हवी, आणि हिशेब बघणाऱ्याला आधी विचारा. माझ्या मते नव्यांच्या गटात पैसे देऊच नयेत. पदरमोड झालेली तिकिटं, पार्किंग, पेट्रोल मात्र न मागता परत करा. तोही सन्मानच आहे.

कामाचं पत्र

जर्मनीत सर्वांत उपयोगी पडणारी भेट म्हणजे जर्मन भाषेतलं कामाचं पत्र. इथे नोकरीच्या अर्जात एहरेनआम्ट, म्हणजे विनामोबदला केलेलं सामाजिक काम, वेगळ्या मथळ्याखाली लिहायची पद्धत आहे आणि मालक ते वाचतात. जोडीदाराच्या नोकरीमुळे इथे आलेल्या कितीतरी बायका भारतात चांगल्या पदावर होत्या. इथे भाषा शिकता शिकता वर्ष-दोन वर्षं जातात, आणि अर्जात तेवढी जागा रिकामी दिसते. प्रत्यक्षात त्या काळात त्यांनी मंडळासाठी पन्नास माणसांचे कार्यक्रम उभे केलेले असतात, हिशेब ठेवलेला असतो, जर्मन कार्यालयांशी पत्रव्यवहार केलेला असतो. हे कागदावर आणून देणं मंडळाच्या हातात आहे.

पत्रात हे असावं: पूर्ण नाव आणि जन्मतारीख, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत काम केलं, आठवड्याला सरासरी किती वेळ, कामाचं नेमकं वर्णन, त्यासाठी लागलेली कौशल्यं, कुठल्या भाषा वापरल्या, मंडळाचं नाव आणि नोंदणी क्रमांक, तारीख, आणि कार्यकारिणीची सही. वेळेचा अंदाज त्या व्यक्तीला विचारूनच लिहा, फुगवू नका. काम करणाऱ्यानेच मसुदा लिहावा आणि जर्मन चांगली असलेल्या कुणी तो तपासावा. काही राज्यांत अशा कामाचं अधिकृत प्रमाणपत्रही मिळतं, त्याची चौकशी करा. गट नोंदणीकृत नसेल तरी समन्वयकांच्या सहीचं पत्र देता येतं. नोंदणी करायची झाली तर किमान सात सदस्य लागतात, हे लक्षात असू द्या.

दीर्घकाळ काम करणाऱ्यांसाठी एहरेनआम्ट कार्ड आहे. नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. बायर्नमध्ये, म्हणजे बव्हेरियात, निळ्या एहरेनआम्ट कार्डासाठी वय 16 पूर्ण हवं, किमान दोन वर्षं काम झालेलं हवं, आणि आठवड्याला सरासरी पाच तास किंवा प्रकल्पाच्या कामात वर्षाला 250 तास. जिल्हा किंवा शहर प्रशासन ते देतं आणि त्यावर संग्रहालयं, पोहण्याचे तलाव अशा ठिकाणी सवलती मिळतात. कार्डासाठी तासांचा हिशेब लागतो, तो ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी स्वतः ठेवावा. नोंदवहीत मात्र तास आणू नका.

ज्यांना मंच नको, आणि ज्यांचं नाव राहिलं

चार आठवडे आधीच्या फोनवर काही जण नको म्हणतील. एकदा विचारा, दुसऱ्यांदा आग्रह करू नका. त्यांचं वाक्य लिहून, हाताने सही करून, त्यांच्या घरी नेऊन द्या. शक्य असेल तर ज्याला मदत झाली त्यानेच न्यावं. काहींना हे मंचापेक्षा जास्त आवडतं.

काळजी घेऊनही एखादं नाव राहतंच. कळल्याबरोबर, म्हणजे त्याच रात्री, अध्यक्षांनी स्वतः फोन करावा. 'गडबडीत राहिलं' असं न म्हणता काय राहिलं ते नेमकं सांगावं: 'तुम्ही मे महिन्यात त्या कुटुंबासाठी जे केलं ते आमच्या नोंदीत आलं नाही.' पुढच्या महिन्याच्या भेटीत पहिली दोन मिनिटं त्यांची. नोंदवही ठेवणाऱ्यांनी मात्र एवढ्यावर थांबू नये, ते काम का निसटलं ते शोधावं. बहुतेक वेळा कारण असतं की त्या नव्या कुटुंबाला महिन्याभराने करायचा फोन गेलेलाच नसतो.

पुढच्या आठवड्यात

समारंभानंतरच्या आठवड्यात तीन कामं करा. ज्या नव्यांनी त्या दिवशी राबणूक केली त्यांना प्रत्येकी एका सन्मानिताशी जोडून द्या: किटाचं काम बघणाऱ्या ताईबरोबर एक, टर्मिनवाल्या दादाबरोबर एक. पुढच्या वेळी कुणाला सोबत लागली की दोघांनी मिळून जायचं, त्यापुढच्या वेळी नव्याने एकट्याने. दुसरं, लिहिलेली सगळी वाक्यं एकत्र करून ठेवा. नव्या सदस्याला पाठवायच्या माहितीपत्रात त्यांतली चार-पाच घाला, संबंधितांना विचारून. घर, किटा, दवाखाना यांसाठी कसं आणि कुणाकडे जायचं हे नुसत्या सूचनांपेक्षा त्यातून जास्त समजतं. तिसरं, जे शहर सोडून चाललेत त्यांचा निरोप साजरा करताना त्यांचं नवं शहर लिहून घ्या आणि त्यांना गटातून काढू नका. हांबुर्गला गेलेली ताई आणि लाइपझिगला गेलेला दादा यांची एक यादी ठेवा. पुढच्या ऑक्टोबरात पुण्याहून किंवा नाशिकहून कुणी विचारेल, 'माझं विद्यापीठ लाइपझिगला आहे, तिथे कुणी ओळखीचं आहे का?', तेव्हा द्यायला एक नंबर हवा.